निवासी कोरल वर्गाची तयारी : प्रबोधनकाळातील धार्मिक संगीत गायला जाताना

इंग्लंडमध्ये जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्या लागल्या की निवासी शाळांची आणि विद्यापीठीय कॉलेजांची वसतिगृहे, भोजनगृहे आणि चॅपल रिकामी होतात. त्याच रिकाम्या जागांत पाच-सात दिवसांचे निवासी गायनवर्ग भरतात. त्यांपैकी काही वर्ग एकाच प्रकारच्या संगीताला वाहिलेले असतात. साधारण पंधराव्या शतकाच्या मध्यापासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील चर्चसाठी रचलेले, बहुतांशी लॅटिन शब्दांचे आणि आज सहसा वाद्यांच्या साथीशिवाय गायले जाणारे ते संगीत असते. जोस्कँ, पॅलेस्ट्रिना, व्हिक्टोरिया, टॅलिस, बर्ड ही त्यातील ठळक नावे. चार, पाच, सहा आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गात असतात आणि त्या चाली एकमेकींत विणल्या जातात, म्हणून या शैलीला पॉलिफनी म्हणतात.

हे टिपण लिहिताना माझ्यासमोर विशेषतः असा वाचक आहे, जो काही वर्षे हिंदुस्थानी गायन शिकला आहे, सध्या इंग्लंडात किंवा युरोपात राहतो किंवा तिकडे जाणार आहे, एखाद्या स्थानिक कॉयरमध्ये थोडेफार गायला आहे आणि असा आठवडा एकदा अनुभवावा असे ज्याला वाटते आहे. मी स्वतः याच वाटेने गेले. त्या अनुभवावरून एवढे सांगता येते की आपल्या शिक्षणाने दिलेला कान तिथे फार उपयोगी पडतो, परंतु मोजण्याची आणि वाचण्याची सवय आपल्याला जवळजवळ नसते, आणि तयारीचा सारा वेळ तिथेच घालवावा लागतो. गोव्यातील किंवा वसईतील चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेल्या वाचकाची गोष्ट वेगळी आहे. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणे आणि आपला पार्ट, म्हणजे आपल्या आवाजाची स्वतंत्र ओळ, धरून ठेवणे त्याच्या घरातच असू शकते. गोव्यात लेंटच्या उपासकाळात लॅटिन मोटेट, म्हणजे धार्मिक शब्दांच्या कोरल रचना, गाण्याची परंपरा आजही आहे. त्या रचना पुष्कळ नंतरच्या आहेत आणि त्यांना व्हायोलिन-क्लॅरिनेटची साथ असते, तरी लॅटिन शब्द ओठांवर बसलेले असणे हा मोठाच आधार आहे.

वर्ग निवडताना

जाहिरातीतील चर्चच्या छायाचित्रांपेक्षा तीन गोष्टी आधी वाचाव्यात: एकूण किती गायक घेणार, प्रत्येक पार्टला किती जण असणार, आणि प्रवेशासाठी काय मागितले आहे. काही ठिकाणी ध्वनिमुद्रण पाठवावे लागते, काही ठिकाणी केवळ आपल्या अनुभवाविषयी लिहून द्यायचे असते. ‘साइट-सिंगिंग (स्वरलिपी पाहून थेट गाणे) बऱ्यापैकी यावे’ असे लिहिलेले असेल तर ते वाक्य अक्षरशः घ्यावे. तिथला सरासरी हौशी गायक लहानपणापासून कॉयरमध्ये वाढलेला असतो आणि कधी न पाहिलेली रचना पहिल्याच वाचनात ऐंशी टक्के बरोबर गातो. आपण गुरूसमोर बसून, ऐकून, घोकून शिकलेलो असल्यामुळे पहिल्या सकाळी हा वेग पाहून धडकी भरते. ज्याला अजून संथ वाचता येते त्याने चाळीस-पन्नास गायकांचा वर्ग निवडावा, कारण तिथे शेजाऱ्याचा आधार मिळतो. एकेका पार्टला एकच गायक अशी रचना असलेला वर्ग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावा.

सोप्रानोंची (स्त्रियांचा उंच आवाज) गर्दी आणि टेनरांचा (पुरुषांचा उंच आवाज) तुटवडा हे बहुतेक हौशी कॉयरचे चित्र इथेही दिसते. त्यामुळे सोप्रानोंनी अर्ज लवकर करावा. टेनरांना शेवटच्या आठवड्यातही बोलावणे येऊ शकते. भारतातून जाणार असाल तर जागा पक्की झाल्याचे पत्र हाती आल्यावरच व्हिसाच्या कामाला लागावे, आणि अशा अल्पमुदतीच्या वर्गाविषयीचा चालू नियम सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचावा.

आपला पार्ट कोणता

अर्जात सोप्रानो, आल्टो (स्त्रियांचा खालचा आवाज), टेनर किंवा बास (पुरुषांचा खालचा आवाज) असे लिहावे लागते, आणि हिंदुस्थानी गायकाला हा प्रश्न अडवतो, कारण आपण आजवर आवाजाप्रमाणे सा बदलला, सा-प्रमाणे आवाज कधीच बदलला नाही. ढोबळ अंदाज असा: काळी चार किंवा काळी पाचवर सा लावणारी आणि मंद्र पंचमापर्यंत सहज उतरणारी स्त्री बहुधा आल्टोत आरामात बसते. काळी एकच्या आसपास सा असलेल्या पुरुषाने तार सप्तकात गंधार-मध्यमापर्यंत आवाज न ताणता जातो का ते पाहावे. जात असेल तर टेनर, नसेल तर बास.

यामागे एक इतिहास आहे आणि तो व्यवहारातही उपयोगी पडतो. त्या काळी चर्चच्या गायनवृंदात स्त्रिया नसत. वरचा पार्ट मुले किंवा फॉल्सेटोत, म्हणजे कृत्रिम उंच आवाजात, गाणारे पुरुष गात, आणि त्याखालचे पार्ट पुरुषांचेच असत. त्यामुळे विशेषतः इंग्लिश रचनांतील आल्टोचा पार्ट आजच्या स्त्री-आवाजाला खूप खाली आणि सामान्य टेनरला थोडा वर पडतो. प्रत मिळाल्यावर आपल्या पार्टमधील सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधून तो हार्मोनियमवर वाजवून पाहावा. एखाद्या रचनेत आल्टोने टेनरबरोबर जागा बदलणे ही तिथे रोजची बाब आहे आणि त्यात कमीपणा नाही.

प्रती हातात आल्यावर

वर्गाच्या महिना-दीड महिना आधी रचनांची यादी येते. त्यांपैकी बऱ्याच रचना कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर मोफत मिळतात, परंतु उतरवून घेण्याआधी वर्गात कोणती आवृत्ती वापरणार ते विचारावे. एकच रचना एका संपादकाने मूळ उंचीवर, दुसऱ्याने एक स्वर चढवून आणि तिसऱ्याने सगळे काल निम्मे करून छापलेली असते. चुकीच्या आवृत्तीवर महिनाभर मेहनत केली तर पहिल्या दिवशी सगळेच परके वाटते. मला ते एकदा भोवले आहे.

पानावर दिसणाऱ्या उभ्या रेषांविषयी एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. सोळाव्या शतकात गायकासमोर सर्व पार्ट एकाखाली एक छापलेले पान नसे. पुष्कळदा प्रत्येकाच्या हाती केवळ स्वतःच्या पार्टची पुस्तिका असे, आणि तिच्यात अशा रेषा नसत. त्या आजच्या वाचकाच्या सोयीसाठी संपादकाने घातलेल्या असतात. आपला कान ठेक्याला सरावलेला, त्यामुळे प्रत्येक रेषेनंतरची मात्रा आपल्याला सम वाटते आणि आपण नकळत तिच्यावर जोर देतो. या संगीतात सर्वांना मिळून एकच सम नसते. जोर शब्दावर पडतो, आणि चारही पार्टांचा शब्द वेगवेगळ्या क्षणी येतो. वारीच्या वाटेवर कडेला उभे राहिले की एका दिंडीच्या अभंगाचे शेवटचे चरण आणि मागून येणाऱ्या दिंडीचा तोच अभंग एकदमच कानी पडतो. तो योगायोग असतो. इथे मात्र तो एकमेकांवर येण्याचा क्षण रचनाकाराने मात्रा मोजून ठरवलेला असतो.

सरावाचा क्रम असा ठेवावा. आधी स्वर बाजूला ठेवून लॅटिन शब्द केवळ लयीत म्हणावेत. एक हात खाली-वर संथ, एकसारखा हलवत राहावा. त्या काळीही ठेका असा हातानेच दाखवत आणि त्याला टॅक्टस म्हणत. चालताना पावलांवर म्हटले तर आणखी चांगले. ब्रिटनमध्ये कालमूल्यांना ब्रेव्ह, सेमीब्रेव्ह, मिनिम, क्रॉचेट अशी नावे आहेत आणि संचालक तीच वापरतात. अमेरिकी पद्धतीचे होल नोट, हाफ नोट शिकलेल्यांनी ही नावे पाठ करून जावीत. शब्द लयीत बसले की मग स्वर घ्यावेत, आणि तेही प्रथम ‘नू’ किंवा ‘दा’ अशा एकाच अक्षरावर. स्वर, लय आणि लॅटिन या तिघांना पहिल्याच दिवशी एकत्र आणण्याचा हट्ट धरू नये.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रिकाम्या मात्रा. पॉलिफनीत गायक बराच वेळ गप्प असतो आणि मग बरोबर एका ठरलेल्या मात्रेवर त्याला प्रवेश करायचा असतो. याची पराकाष्ठा म्हणजे टॅलिसची ‘स्पेम इन आलिउम’ ही चाळीस स्वतंत्र पार्टांची, पाच-पाच आवाजांच्या आठ गटांची रचना. मोठ्या वर्गात एखाद्या संध्याकाळी ती हौसेने गायली जाते आणि तिथे कितीतरी जण बोटांवर मोजत उभे असतात. त्यामुळे मोजणे जरूर शिकावे, पण केवळ मोजण्यावर विसंबू नये. आपल्या प्रवेशाच्या लगेच आधी दुसऱ्या कोणत्या पार्टचा कोणता स्वर ऐकू येतो ते शोधून त्याभोवती पेन्सिलीने गोल करावा आणि तिथून आपल्या पहिल्या स्वरापर्यंत एक बाण काढावा. आपला स्वर तो असतो किंवा त्याच्यापासून एखाद-दुसरा स्वर दूर असतो, हे पुष्कळदा आढळेल.

पहिल्या सरावासाठी पॅलेस्ट्रिनाची ‘सीकुत चेर्व्हुस’ ही चार आवाजांची रचना उत्तम. पाण्यासाठी आसुसलेल्या हरिणासारखा माझा जीव तुझ्यासाठी आसुसला आहे, असा तिच्यातील स्तोत्राचा भाव आहे. टेनर सुरुवात करतात, मागोमाग आल्टो, मग सोप्रानो आणि शेवटी बास तीच चाल उचलतात. एकदा टेनरची ओळ गाऊन पाहिली की आपल्या पार्टचा अर्धा आरंभ आपोआप येतो. घरी ध्वनिमुद्रणाबरोबर सराव करताना आपल्याच पार्टचा आवाज मोठा केलेला ट्रॅक लावण्याचा मोह होतो. दोन दिवसांनंतर तो बंद करावा आणि आपला पार्ट वगळून बाकीचे तीन वाजतील अशी सोय करावी. आपण कुठे लटकतो ते तेव्हाच कळते.

लॅटिन मराठी तोंडातून

बहुतेक वर्गांत इटालियन पद्धतीचा चर्चमधील लॅटिन उच्चार वापरतात, आणि इथे मराठी माणसाची बाजू भक्कम आहे. इंग्लिश गायकांना ‘त’ आणि ‘द’ दातांवर आणायला संचालकांना दिवसभर सांगावे लागते. आपल्याकडे ते आयते आहेत. ‘सांक्तुस’मध्ये ट उच्चारू नये, एवढे पथ्य पुरे. इंग्लिश तोंडात ए आणि ओ हे स्वर शेवटी वळतात, ‘एइ’, ‘ओउ’ असे होतात. मराठी ए आणि ओ सरळ राहतात, आणि लॅटिनला तेच हवे असते. मराठीतल्या दोन च-कारांचाही लाभ होतो. ‘चेली’, म्हणजे स्वर्ग, यातला च ‘चिमणी’तला आहे, तर ‘ग्रात्सिआ’ या शब्दातला ‘त्स’ म्हणजे सरळ आपल्या ‘चाक’ या शब्दातला च. ‘आन्युस’ म्हणजे कोकरू; लिहिताना त्यात ग असतो, उच्चारात नसतो.

जिथे आपण घसरतो त्या जागा दोन. मराठी व आणि फ उच्चारताना आपले वरचे दात खालच्या ओठाला बहुधा लागत नाहीत, लॅटिनमध्ये ते लागले पाहिजेत. दुसरे म्हणजे शब्दांती येणारा ‘आ’ आपण अर्धवट सोडतो. ‘ग्लोरिआ’चा शेवटचा स्वर आखूड असला तरी उघडा हवा. संचालकाने ट्यूडरकालीन इंग्लिश उच्चार किंवा आणखी काही सांगितले तर त्याचेच ऐकावे, वाद घालू नये.

शब्दाखाली मराठी अर्थ लिहून काढण्यात एक संध्याकाळ खुशाल घालवावी. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधील मुख्य उपासना, आणि तिच्या शब्दांवर रचलेले संगीतही. तिच्यातील नेहमीचे भाग सहा: कीरिए, ग्लोरिआ, क्रेदो, सांक्तुस, बेनेदिक्तुस आणि आन्युस देई. यांपैकी पहिला ग्रीक भाषेत आहे, ‘प्रभो, दया कर’. हे शब्द शेकडो रचनाकारांनी वापरले असल्यामुळे एकदा पाठ झाले की जन्मभर पुरतात. शब्द कळले पाहिजेत हा आग्रह त्या काळचाही होता. ट्रेंट येथे १५४५ ते १५६३ या काळात अधूनमधून भरलेल्या धर्मपरिषदेत, आवाजांच्या गुंत्यात पवित्र शब्द हरवतात, ही तक्रार झाली होती. पॅलेस्ट्रिनाने पोप मार्सेलस यांच्या नावाने मिस्सा रचून पॉलिफनीवरील बंदी टाळली, ही गोष्ट पुढे दंतकथा बनली. ते पोप १५५५ साली जेमतेम तीन आठवडे गादीवर होते आणि ती मिस्सा छापली गेली १५६७ साली. तिचे ग्लोरिआ आणि क्रेदो गाताना शब्द किती स्वच्छ ऐकू येतात ते पाहिले की दंतकथा कशी जन्मली असेल ते उमगते.

घासणारा स्वर

आता मूळ मुद्दा. तानपुऱ्याशी जुळवून घेत वाढलेल्या कानाला एक देणगी मिळते आणि एक खोड लागते.

देणगी गंधाराची. तानपुऱ्याच्या खरजाच्या तारेतून गंधार न छेडताच ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. पियानोवरचा गंधार त्याच्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. साथीशिवाय गाणाऱ्या कॉयरला आपल्या शेवटच्या स्वरमेळात तोच उतरलेला, शांत गंधार हवा असतो, आणि पियानोवर वाढलेल्या गायकांना तो शोधावा लागतो. सराव करताना तानपुऱ्याचे ॲप रचनेच्या अखेरच्या बासच्या स्वरावर लावून आपला शेवटचा स्वर त्यात मिळवून पाहावा. याच साधनाने रचनेचा मोडही (तिचे स्वरसप्तक) ओळखता येतो. कोणाचे स्वर काफी थाटाचे, कोणाचे खमाजचे, कोणाचे भैरवीचे निघतात. साम्य मात्र सप्तकापुरतेच आहे, त्यात राग शोधू नये. छापील स्वरांच्या वर लहान आकारात शार्प (स्वर अर्ध्याने चढवा) किंवा फ्लॅटची (अर्ध्याने उतरवा) खूण दिसली तर ती संपादकाची सूचना असते. त्या काळचा गायक रूढीने जाणत असे की विरामाकडे जाताना कोमल निषाद शुद्ध करायचा. आपल्याला तो पानावर लिहून द्यावा लागतो.

खोड अशी की कुठे दोन स्वर घासले तर चूक आपलीच आहे असे आपण गृहीत धरतो आणि सरकतो. या संगीतातील सौंदर्याचा मोठा वाटा नेमका त्या घासण्यात आहे. सरगमच्या भाषेत पाहू. बास मध्यमावर आहे, आल्टो वरच्या षड्जावर. दोघांत पंचमाचे नाते, सारे निवांत. आता बास पंचमावर जातो, टेनर ऋषभ घेतो, पण आल्टो आपला षड्ज सोडत नाही. तो एका मात्रेपूर्वीपर्यंत घरचा होता, आता ऋषभाला घासतो आहे. मग आल्टो एक पायरी उतरून निषादावर येतो, ताण सैल होतो, आणि सर्व जण षड्जाच्या स्वरमेळावर विसावतात. याला सस्पेन्शन म्हणतात. ज्याचा स्वर अडकला आहे त्याने त्या क्षणी आवाज किंचित वाढवून त्यावर रेलायचे असते आणि उतरताना हलके व्हायचे असते. बाकीच्यांनी त्याला जागा द्यायची असते.

माझ्या पहिल्या वर्गात तिसऱ्या दिवशी चौघांच्या गटात बर्डच्या चार आवाजांच्या मिस्सामधील आन्युस देई आमच्या वाट्याला आला. सुरुवातीला सोप्रानो आणि आल्टो दोघीच गातात, मग तीन आवाज होतात आणि शेवटच्या विनवणीला चौघे. ‘दोना नोबिस पाचेम’, आम्हांस शांती दे, या शब्दांवर सस्पेन्शनांची माळच आहे. एकाचा स्वर सुटतो तोवर दुसऱ्याचा अडकलेला असतो. माझा स्वर घासू लागला की मी अर्धी मात्रा आधीच उतरून जात होते. तीनदा तसे झाले. संचालकांनी बाकीच्या तिघांना थांबवले, टेनरला त्याचा एकच स्वर धरायला सांगितले आणि मला म्हणाले, ‘‘तो तुमच्याकडे आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत. तिथेच उभ्या राहा.’’ आम्ही दोघे तो घासणारा स्वर श्वास संपेपर्यंत धरून उभे राहिलो. दुसऱ्या श्वासाला त्याची भीती गेली होती. घरी हे करून पाहण्यासाठी कोणी सोबती नसेल तर हार्मोनियमवर ऋषभ दाबून ठेवून त्याच्याजवळचा षड्ज गावा आणि सावकाश दहा आकडे मोजेपर्यंत हलू नये.

त्या खोलीत चौघेच होतो, हेही त्या रचनेला साजेसे होते. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडात कॅथलिक मिस्सा बेकायदा होती. बर्ड राणीच्या चॅपलचा गायक, पण श्रद्धेने कॅथलिक. त्याच्या तिन्ही मिस्सा १५९२ ते १५९५ च्या सुमारास मुखपृष्ठाविना छापल्या गेल्या, आणि त्याच काळात तो एसेक्समधील स्टॉन्डन मॅसी या गावी राहायला गेला. तिथून जवळच त्याचे आश्रयदाते पीटर कुटुंब राहत असे. अशा घरांत दारे लावून, मोजक्या माणसांत गाता यावे म्हणून हे संगीत आहे. पन्नास जणांनी ते गायले तर भव्य वाटते, पण त्यातला दबलेला स्वर निसटतो असे मला वाटते.

मींड, कण आणि आंदोलन हे मात्र खोलीबाहेर ठेवावे लागतात. स्वराला खालून स्पर्श करून वर येणे आपल्या गळ्यात इतके मुरलेले असते की आपल्याला ते ऐकूही येत नाही, पण सहा आल्टोंमध्ये एकीने तसे केले की पूर्ण पार्ट मळका होतो. स्वर लावण्याआधी तो मनात ऐकावा आणि मग वरून ठेवल्यासारखा ठेवावा. शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण मोठ्याने गात आहोत असे समजावे. लांब स्वरावर श्वास संपत आला तर शेजारी गात असताना गुपचूप थांबून, श्वास घेऊन त्याच व्यंजनरहित स्वरात परत मिसळावे. सर्वांनी एकाच रेषेपाशी श्वास घेतला तर संगीताला भोक पडते.

आठवडा कसा जातो

सकाळी आवाज मोकळा करण्याचे व्यायाम, मग जेवणापर्यंत दोन बैठका, दुपारी थोडी मोकळीक, संध्याकाळी पुन्हा बैठक, आणि काही ठिकाणी झोपण्यापूर्वी चॅपलमध्ये मेणबत्त्यांच्या प्रकाशात कॉम्प्लिन ही छोटी रात्रप्रार्थना. पाच-सहा तास रोज गाण्याची सवय नसेल तर तिसऱ्या दिवशी गळा बसतो. बैठकीत अधूनमधून अर्ध्या आवाजात गावे, त्याबद्दल कोणी रागावत नाही. जुलै असला तरी दगडी चर्चमध्ये गारठा असतो, म्हणून शाल आणि मोजे न्यावेत. टॉवेल मिळणार का हे आधी विचारावे. शाकाहारी जेवण अर्जातच लिहून द्यावे, आणि रात्रीच्या भुकेसाठी चिवड्याचा डबा ठेवावा; तो पहिल्या रात्रीच टेनरांनी संपवला तर तक्रार करू नये. काळी फाइल आणि दोन मऊ पेन्सिली यांशिवाय बाकी साहित्य लागत नाही. पेन कोणी काढले तर आजूबाजूचे चेहरे बघण्यासारखे होतात. जिथे संचालकाकडे पाहणे अटळ आहे तिथे पानावर चष्म्याचे छोटे चित्र काढण्याची तिथली रीत मला फार आवडते.

शेवटी बहुधा एखादा कार्यक्रम असतो किंवा कॅथीड्रलमधील संध्याकाळची उपासना. उन्हाळ्यात तिथले नेहमीचे गायनवृंद सुट्टीवर असतात आणि पाहुण्या गायनवृंदांना बोलावतात. ती उपासना आहे, मैफल नाही, हे लक्षात ठेवावे. इतर उभे राहतील तेव्हा उभे राहावे, मध्ये टाळ्या नसतात, आणि मिस्सामध्ये कम्युनियन (पवित्र भाकरी व द्राक्षरस) घ्यायला पुढे जाण्याची ख्रिस्ती नसलेल्याकडून अपेक्षा नसते. शांतपणे जागेवर बसून राहिले तरी चालते. आपण कीर्तनाला आलेल्या परक्या पाहुण्याकडून जेवढी अपेक्षा ठेवू तेवढीच ते आपल्याकडून ठेवतात. दगडी छताखाली आवाज दोन-तीन सेकंद घुमतो, म्हणून खोलीत बरोबर वाटलेली लय तिथे घाईची वाटते. एक सराव त्या जागी मिळतो, त्यात आपला स्वर थांबल्यानंतर किती वेळ ऐकू येतो ते नीट ऐकून घ्यावे.

प्रती भाड्याच्या असतील तर परत देण्यापूर्वी सर्व खुणा पुसून द्याव्या लागतात, तेव्हा चांगला रबर जवळ ठेवावा. पुसण्याआधी आपल्या पार्टच्या पानांची फोनवर छायाचित्रे घ्यावीत. बाण, गोल आणि चष्मे आपण कुठे काढले होते ते पुढच्या वर्षी तीच रचना पुन्हा समोर आली की उपयोगी पडते.